उजळाईवाडी ते रेणीगुंटा

परवा नववीच्या वर्गात कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि मुलांच्या हातात शिवणाचा दोरा दिला. म्हटले, कोल्हापूर ते तिरुपती मोजा. गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा, जुना, हिंदी महासागरावर शाईचा डाग असलेला. त्यावर कोल्हापूर छापलेलेच नाही, तिरुपतीही नाही. मग मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये पेन्सिलीने एक टिंब, चेन्नईच्या किंचित वर दुसरे. दोरा ताणला, दोन्ही टोकांना नखाने दाबून धरला, पट्टीवर ठेवला. दीड सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, साडेसहाशेच्या आसपास."

दोरा मी वहीत ठेवला आहे.

*

दुसऱ्या दिवशी तेच फळ्यावर. कोल्हापूरचा विमानतळ १६.६६ अंश उत्तर, ७४.२९ अंश पूर्व. तिरुपतीचा १३.६३ उत्तर, ७९.५४ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.०३ अंश. एका अंशाला साधारण १११ किलोमीटर धरले, तर दक्षिणेकडे ३३६. रेखांशांतला फरक ५.२५ अंश. पण रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात एक अंश १०७ किलोमीटरच्या जरासा वर भरतो. म्हणजे पूर्वेकडे ५६४. काटकोन त्रिकोण झाला. कर्ण काढला : ६५६ किलोमीटर. अमेरिकेला जायचे असते तर पृथ्वीची गोलाई आडवी आली असती आणि हा साधा त्रिकोण चालला नसता; एवढ्या अंतराला चालतो. पायथागोरस परीक्षेपुरता नाही, हे त्या दिवशी निदान चार-पाच पोरांच्या चेहऱ्यावर दिसले.

वैमानिकाच्या कागदावर हाच आकडा ३५४ असा येईल, कारण तिथे नाविक मैल चालतात. एक नाविक मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. १९२९ पासून तो नेमका १,८५२ मीटर धरतात. माझ्या दृष्टीने सगळ्या मापांत हे सर्वांत प्रामाणिक. कुणा राजाच्या हातावरून किंवा पावलावरून न घेता ते पृथ्वीच्याच अंगावरून घेतले आहे.

*

"मग सर, आमचे मामा साडेआठशे म्हणतात ते?" मामा ट्रक चालवतात. तेही बरोबर सांगतात. बंगळुरूवरून गेले तर रस्ता साडेआठशेच्या वर जातो. आणि हरिप्रिया एक्सप्रेसचा रूळ नऊशेच्या घरात : मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग, होस्पेट, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा, रेणीगुंटा. ती आधी लोंढ्यापर्यंत दक्षिणेला उतरते आणि मग पूर्वेला वळते. दोन गावांमधले अंतर किती, या प्रश्नाला तीन खरी उत्तरे आहेत. फळ्यावर तिन्ही लिहिली आणि खोडली नाहीत. पुढच्या तासाच्या मराठीच्या बाईंनी विचारले, हे ठेवायचे का? म्हटले, आजचा दिवस राहू द्या.

*

आईला किलोमीटर सांगून उपयोग नसतो. तिरुपती तिच्या हिशेबात "एक रात्र" लांब आहे. हरिप्रियेत दुपारी बसायचे, धपाटे-चटणीचा डबा हुबळीनंतर उघडायचा, गुंतकलला झोपेत कुणीतरी चहा-चहा ओरडत जायचे, आणि उजाडताना कडप्प्याकडची लाल माती दिसली की अंथरूण गुंडाळायचे. वीस तासांहून जास्त. वडील होते तोवर असे सहा वेळा झाले. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले, आणि वरच्या बर्थचा प्रश्नच नाही, खालच्याचाही आहेच.

*

सूर्याचा हिशेब राहिला. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. सव्वापाच अंश म्हणजे एकवीस मिनिटे. तिरुपतीला डोक्यावर आलेला सूर्य कोल्हापूरच्या डोक्यावर यायला एकवीस मिनिटे लागतात. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेले, म्हणून सरासरीने तिरुपतीची खरी दुपार १२ वाजून १२ मिनिटांनी आणि कोल्हापूरची १२ वाजून ३३ मिनिटांनी होते.

सूर्य एकवीस मिनिटे, हरिप्रिया एकवीस तास. विमान या दोघांच्या मधे कुठेतरी.

*

विमान किती वेळ घेते हे कुठले विमान आहे त्यावर, आणि कुठले विमान हे धावपट्टीवर. कोल्हापूरची धावपट्टी बरीच वर्षे १,३७० मीटरची होती. ती वाढवून १,९३० केली. पंख्यांचे एटीआर एवढ्या लांबीवर सुखाने उतरते. मोठ्या एअरबसला जास्त लागते. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या थोडे वर जाते, छोटे जेट आठशेच्या आसपास. ६५६ ला भागले तर एटीआरला सव्वातासाच्या वर, जेटला पन्नास मिनिटांच्या आत. फरक अर्ध्या तासाचाही नाही.

वाऱ्याचेही मांडून पाहिले. एटीआरला ताशी चाळीस किलोमीटरचा वारा पाठीमागून मिळाला तर ७२ मिनिटे, तोच समोरून आला तर ८४. पावसाळ्यात आपल्याकडे खालच्या थरातला वारा पश्चिमेचा, त्यामुळे देवाकडे जाताना तो ढकलतो आणि घराकडे येताना अडवतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "असंच असायचं ते."

*

कोल्हापूरचा हा उजळाईवाडीचा विमानतळ नवा नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, तो सुरू झाला आणि आज त्यांचेच नाव तिथे आहे. शहरापासून नऊ किलोमीटर. शेजारी गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, पलीकडे पुणे-बंगळुरू महामार्ग. आमच्या लहानपणी तिथे विमान पाहायला जायचो तर बहुतेक वेळा नुसते कुंपण पाहून परत यायचो. तरी जायचो. नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली.

*

आईला विमानाने तिरुपतीला न्यायचे पहिल्यांदा ठरवले तेव्हा जमले नाही. तिकिटे काढलेली, आईची पिशवी भरलेली, देवाला वाहायची नाणी फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी आल्या : उद्याचे उड्डाण रद्द, पैसे परत मिळतील. पैसे मिळालेही, आठ-दहा दिवसांनी. पण रजा गेली, तिरुमलाच्या दर्शनाचे आगाऊ घेतलेले पत्र गेले, आणि त्याची भरपाई कुणाकडे मागायची? कंपनीच्या फोनवर एक मुलगी फार गोड आवाजात तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. आईने नाण्यांचे फडके सोडले नाही. तसेच देवघरात ठेवले.

तेव्हापासून मी कुणी "विमान किती वेळात जातं" असे विचारले की आधी वार सांगतो. मोठ्या विमानतळावर सकाळचे गेले तर दुपारचे असते. छोट्यावर आजचे गेले की परवाचे, कधी शनिवारचे. ऐंशी मिनिटांत पोहोचायला निघालेला माणूस तिथे तीन दिवस अडकतो.

*

छोट्या विमानतळांवरच्या या विमानांमागे एक सरकारी योजना आहे ती नीट समजून घ्यावी. 'उडान' ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ ला निघाली. त्या दिवशी सिमल्याबरोबर आपल्या नांदेडचेही नाव होते, नांदेड ते हैदराबाद. कल्पना अशी : तासाभराच्या, म्हणजे पाचशेएक किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, विमानातल्या निम्म्या जागा त्या दराने, आणि कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. छोट्या विमानतळांवर इंधनावरचा करही राज्यांनी उतरवला. तुटीचे पैसे काही प्रमाणात मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून गोळा होतात. मुंबई-दिल्ली उडणारा माणूस नकळत जळगाव-कोल्हापूरला हातभार लावतो. मला हे फार आवडते.

पण तीन वर्षे कमी आहेत, असे माझे ठाम मत आहे. गावाला सवय लागायलाच दोन वर्षे जातात. कोल्हापूर-तिरुपती २०१९ साली सुरू झाले आणि वर्षभरात टाळेबंदी आली. २५ मार्च २०२० पासून देशातली सगळी प्रवासी उड्डाणे दोन महिने बंद होती. एअर डेक्कन, ट्रूजेट या छोट्या मार्गांवरच्या कंपन्या पुढच्या दोन वर्षांत मिटल्या. त्यांच्याबरोबर वेळापत्रके गेली. एसटीची फेरी नवी सुरू झाली तर रिकामी गाडी काही महिने धावू देतात, तेव्हा कुठे बाजाराच्या दिवशी ती भरते. विमानालाही तेवढा धीर द्यायला हवा.

*

दुसऱ्यांदा, डिसेंबरात, गेलो.

घड्याळ हातात धरून नोंदी केल्या. घरातून निघालो ९.१०. उजळाईवाडी ९.४०. सामान, तपासणी, बसणे. चाकापुढचे ठोकळे काढले ११.०२. चाकांनी जमीन सोडली ११.१०. तिरुपतीच्या विमानतळावर, म्हणजे रेणीगुंट्याला, चाके टेकली १२.३४. विमान थांबून पुन्हा ठोकळे लागले १२.३९.

हवेत ८४ मिनिटे. ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत ९७. तिकिटावर छापतात तो वेळ ठोकळ्यांचा असतो, वर थोडी सूट धरून. म्हणून "वेळेआधी पोहोचलो" असे जाहीर करता येते. त्या पिवळ्या ठोकळ्यांकडे कुणाचे लक्ष नसते. खाकी कपड्यांतला एक मुलगा वाकतो, दोरीने ओढून काढतो, दोन पावले मागे सरतो आणि हात वर करतो. प्रवास तिथे सुरू होतो.

*

धावपट्टीच्या टोकांना ०७ आणि २५ असे आकडे रंगवलेले असतात : ७० अंश आणि २५० अंश दिशा, शेवटचे शून्य काढून. तिरुपती आहे १२० अंशांच्या आसपास. म्हणजे कुठूनही उडाले तरी सुरुवात चुकीच्या दिशेनेच. आम्ही इचलकरंजीच्या बाजूला उडालो आणि मग उजवीकडे वळलो. पुढेही विमान दोरा ताणल्यासारखे जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग आहेत, त्यांवर नावे दिलेले बिंदू आहेत, एकाकडून दुसऱ्याकडे असे जावे लागते. ६५६ चे किती झाले असतील ते त्या चौऱ्याऐंशी मिनिटांवरून मी अंदाजाने काढले : सातशेच्या जरा आत.

*

एटीआरचा पंख खिडक्यांच्या वर असतो आणि ते फार उंच जात नाही. भूगोलाच्या माणसाला यापेक्षा काय हवे? पंचगंगा पूर्वेकडे जाताना दिसली. आपल्याकडे अनेकांना वाटते, सह्याद्री एवढा जवळ म्हणजे पाणी अरबी समुद्राला जात असेल. ते कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला जाते.

वहीतल्या नकाशावर मी आधीच सरळ रेघ मारून घेतली होती. ती गोकाकजवळून जाते, बदामीवरून जाते, हंपीच्या माथ्यावरून जाते, बळ्ळारीवरून जाते आणि अनंतपूरला चिकटून शेषाचलमच्या डोंगरांत शिरते. दोन विमानतळांमधली रेघ, आणि तिच्यावर चालुक्यांची राजधानी, मग विजयनगर. रेघ मारताना मला हे माहीत नव्हते. अर्ध्या वाटेवर उजव्या खिडकीत तुंगभद्रेचा जलाशय आला, पितळी ताटासारखा चमकत. हंपी त्याच्याजवळच. एवढ्या उंचीवरून देवळे दिसत नाहीत. दगडांचा रंग तेवढा दिसतो.

कृष्णदेवराय याच वाटेवरून तिरुमलाला जायचा. तो सात वेळा गेल्याचे सांगतात. देवळात महाद्वारातून आत गेल्यावर त्याचा आणि तिरुमलादेवी, चिन्नादेवी या राण्यांचा तांब्याचा पुतळा आहे, हात जोडलेला. आणि आपल्याकडची परंपरा अशी की पंढरीचा विठोबा याच राजाने हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. हंपी ते पंढरपूर मी पट्टीने मोजले : सरळ रेषेत तीनशेला थोडे कमी. चालत, देव घेऊन. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठल आणि वेंकटेश यांचे नाते उलगडले आहे, दोघांचीही मुळे गुराख्या-धनगरांच्या देवांत. ते पुस्तक मी या प्रवासाआधी पुन्हा वाचले आणि आईला दोन संध्याकाळी त्यातले सांगितले. तिला त्यात काही नवे वाटले नाही. "दोघं एकच की," ती म्हणाली.

*

कोल्हापूर-तिरुपती हा मार्ग विमान कंपनीने नकाशावर शोधलेला नाही. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. तिथे लक्ष्मीचा वास. देवाने ऋषीला शिक्षा केली नाही म्हणून ती रुसून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, आली, आणि तिला शोधत निघालेला विष्णू वेंकटगिरीवर थांबला. म्हणून दरवर्षी नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. म्हणून आंध्र-तेलंगणातली माणसे बालाजीनंतर कोल्हापूरला येतात, आणि महाद्वार रोडवर माझ्या ओळखीच्या एक फुलवाल्या मावशी तेलुगूत हारांचा भाव करतात. शिकल्या कुठे, विचारले तर म्हणाल्या, "गिऱ्हाइकानंच शिकीवलं."

म्हणून हा मार्ग तोट्याचा कसा असू शकतो हे मला पटत नाही. दोन्ही टोकांना बारा महिने माणसे आहेत.

*

आईच्या मापाने प्रवास असा झाला.

आपल्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत चालणे थोडे. एटीआरचे दार मागच्या बाजूला, आणि दार खाली उघडले की तीच शिडी. पायऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. तिने प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी टेकला. वर पोहोचल्यावर मागे वळून धावपट्टीकडे पाहिले आणि "झालं?" असे विचारले. तिला वाटले होते, अजून खूप असेल. या विमानाआधी आमच्याकडून हवाईमार्गे तिरुपतीला जायचे तर आधी पुणे गाठायचे : २३० किलोमीटर, चार-पाच तास, आणि तिथे गेटपर्यंतची न संपणारी चाल. तिच्या गुडघ्यांसाठी प्रवास त्या दिवशी छोटा झाला तो इथे, जमिनीवर. हवेतली मिनिटे तिने मोजलीच नाहीत. चहा आला, कपाशी खेळत बसली, आणि कान दुखतात म्हणेपर्यंत उतरायला लागलो.

*

कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, रेणीगुंट्याचा शंभरएक मीटर. म्हणजे विमान आपल्याला उचलून अर्धा किलोमीटर खाली ठेवते. मग गाडीने घाट चढून तिरुमला, साडेआठशे मीटर. अलिपिरीहून पायऱ्यांनी चढणाऱ्यांना ३,५५० पायऱ्या. वडील दोनदा चढले होते. घाटात गाडी वळणावर आली की आई काचेला हात लावून झाडीतून पायऱ्या दिसतात का पाहत होती. एका ठिकाणी दिसल्या. हळदकुंकू लावलेल्या, प्रत्येक पायरीवर. एक बाई वाकून लावत वर चढत होती.

*

ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेतून दर्शन झाले. फडक्यातली नाणी हुंडीत गेली. फडके तिने परत कमरेला खोचले. याबद्दल जास्त लिहीत नाही.

*

परतीला समोरचा वारा होता की नव्हता, कळले नाही. हवेत ८७ मिनिटे. उजळाईवाडीला उतरल्यावर पस्तीस मिनिटांत घर. निघताना लावलेले विरजण फ्रिजमध्ये होते. हरिप्रियेच्या दिवसांत आई निघायच्या आदल्या रात्री दूध शेजारी देऊन टाकायची. तिने झाकण काढून दही पाहिले, बोटाने चाखले, आणि काही न बोलता ताक करायला घेतले.

*

नवे वेळापत्रक लागले. इचलकरंजीच्या मावशीला घेऊन पुन्हा जायचे आईच्या मनात आहे. मावशी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. मी वार वाचून दाखवले. स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर, दुधाच्या हिशेबाच्या आकड्यांशेजारी, तिने त्या वारांच्या चौकटींत एकेक छोटी फुली मारली. पुढच्या महिन्याचे पान उलटून तिथेही मारायला लागली. मी म्हटले, तिथले अजून जाहीर व्हायचे आहेत. तिने पेन्सिल कानावर ठेवली आणि पान तसेच उघडे ठेवले.